वठलेल्या झाडाच्या डावीकडे

वाइज रिव्हर, मोंटाना
२४ ऑगस्ट १९८८

श्रीमती राग्ना हाउगेन यांना नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही हे पत्र चुलीत टाकलं नसेल, अशा आशेवर लिहितो. मी डेस्मंड प्रुइट, मारितचा नवरा. आमच्या लग्नाला तुम्ही आला नव्हता, पण चाळीस लेफ्सा, म्हणजे तुमच्याकडच्या त्या बटाट्याच्या पोळ्या, पाठवल्या होत्या. त्यातल्या अठ्ठावीस मी एकट्यानं खाल्ल्या.

फोन न करता पत्र लिहितोय याची कारणं दोन. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही असं मारित सांगते. आणि आमचा फोन स्वयंपाकघरात आहे, जिथे मारितही असते.

पंधरा ऑक्टोबरला आमच्या लग्नाला वर्ष होईल. तिला शिकारीची दुर्बीण द्यायचं माझ्या मनात आहे. तुमचा मुलगा, म्हणजे तिचा पहिला नवरा हाल्वर गेल्यापासून चार हंगाम ती एकटीच त्यांच्या नेहमीच्या डोंगरावर एल्क हरणांच्या मागे जाते, आणि चारही हंगाम रिकाम्या हातानं परत आली. विचारलं तर एवढंच म्हणते, "दिसलं नाही." माझ्या सदऱ्यावरचा शाईचा ठिपका अंगणापलीकडून जिला दिसतो, तिला घोड्याएवढं जनावर दिसत नाही? दोष दुर्बिणीचाच असणार. ती हाल्वरची दुर्बीण वापरते. तिचं एका बाजूचं रबर फाटलंय, पट्टा लगामाच्या चामड्यानं जोडलाय.

मी ओहायोतून इकडे आलेला माणूस. शाळेत बँड शिकवतो. ट्रोम्बोन कुठून फुंकायचा ते सांगेन, पण यातलं मला ओ की ठो कळत नाही. ब्यूटच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "सात-पस्तीस, आठ-चाळीस, की दहा-पन्नास?" मी म्हटलं, "यातली टिकाऊ कुठली?" दुकानातली तीन माणसं हसली. एक जण तर बाहेर रस्त्यावर जाऊनही हसत होता.

हाल्वरला शिकार तुम्ही शिकवलीत, त्यानं मारितला शिकवली. म्हणजे विचारायचं तर तुम्हालाच. विचारताना मला संकोच वाटतोय, तुम्हाला वाचताना काय वाटेल ते समजू शकतो. तरी उत्तर द्याल का? पाकीट शाळेच्या पत्त्यावर टाका.

आपला,
डेस्मंड प्रुइट

•

शोटो, मोंटाना
२ सप्टेंबर १९८८

मास्तर,

पत्र चुलीत टाकलं नाही. ऑगस्टात आम्ही चूल पेटवत नाही.

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढची काच किती रुंद आहे. दहा पटीच्या नादी लागू नका. त्यात हाताची थरथरही दहा पट होते, आणि मारितचा हात आता पंचविशीतला राहिलेला नाही. हे तिला सांगितलंत तर तुमचं तुम्ही बघा. आठ-चाळीस घ्या.

दुकानदार भर दुपारी समोरच्या बँकेची पाटी वाचून दाखवायला सांगेल. भुलू नका. बँकेची पाटी मलाही दिसते, आणि माझं वय एकोणऐंशी. एल्क बाहेर पडतो तो उजाडताना आणि मावळताना. तेव्हा दिवस मावळायच्या सुमाराला जा, दुकानाच्या मागच्या दारी उभे राहा आणि सगळ्यात काळोखा कोपरा शोधा. ज्या दुर्बिणीतून त्या कोपऱ्यात काय आहे ते कळेल, ती घ्या. गळ्यात अडकवून अर्धा तास दुकानात हिंडा. मान भरून आली तर परत ठेवा. लोक हसले तर हसू द्या, तुम्हाला सवय झालेली दिसते.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. हाल्वरची दुर्बीण तुम्हाला घरातून काढायची आहे, असं सरळ म्हणा. कुठल्याही माणसाला तसं वाटेल, मी दोष देत नाही. नवी आली की जुनी माझ्याकडे पाठवा. ती आधी माझ्या नवऱ्याची होती, मग मुलाची झाली. परक्याच्या माळ्यावर पडायला नको. लोकरीत गुंडाळा, वर्तमानपत्रात नको.

उरलेल्या बारा लेफ्सा कुणी खाल्ल्या?

राग्ना हाउगेन

•

वाइज रिव्हर
१९ सप्टेंबर १९८८

राग्नाबाईंना नमस्कार.

बारापैकी दहा मारितनं खाल्ल्या आणि दोन पाद्रीबुवांनी कोटाच्या खिशात घातल्या.

"घरातून काढायची" हे शब्द वाचून मी दिवसभर बेसूर होतो. सकाळी बँडच्या तासाला दोनदा चुकीच्या जागी काठी हलवली. खोटं कशाला बोलू? ती दुर्बीण दाराजवळच्या खिळ्याला लटकते, कोट काढताना रोज माझा हात तिला लागतो, आणि रोज मला वाटतं की मी कुणाच्या तरी घरी पाहुणा आलोय. म्हणजे तुमचं अगदीच चुकलं नाही. पण मला ती काढायची नव्हती. मारितनं एकदा हसत डोंगरावरून खाली यावं, एवढंच हवं होतं. जुनी तुम्हाला पाठवीन, पण मारितला विचारून.

आता हकीकत ऐका. दिवस मावळताना दुकानाच्या मागच्या दारी गेलो. कोपऱ्यात कोळशाचा ढीग होता. पहिल्या दुर्बिणीतून नुसता काळोख. दुसरीतून ढीग दिसला. तिसरीतून ढिगावर बसलेलं मांजर दिसलं आणि त्याला माझा राग आलाय हेही दिसलं. ती तिसरी बाजूला ठेवायला सांगितली. दुकानदार यावेळी हसला नाही. म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं, तर त्यानं टोपी काढली.

पण घरी येऊन गोंधळ झाला. ताडून बघावं म्हणून मारित गोठ्यात असताना मी जुनी दुर्बीण डोळ्याला लावली. राग्नाबाई, ती अगदी स्वच्छ आहे! नदीपलीकडच्या कुंपणाच्या तारा मोजता आल्या. मग या बाईला एल्क दिसत का नाही?

काल रविवारी ती डोंगर पाहून यायला निघाली. मी गाडी चालवायला म्हणून गेलो आणि पायथ्याशी थांबलो. वर एक सपाट खडक आहे, दोन माणसं आरामात बसतील असा. ती उजव्या कडेला बसली. दोन तास समोरचा उतार बघत होती. बँड बसवणाऱ्याला माणसांची डोकी बघायची सवय असते, म्हणून माझ्या ध्यानात आलं. तिचं डोकं उजवीकडून हळूहळू मध्यावर येतं, उताराच्या मधोमध एक वठलेलं पाइनचं झाड आहे तिथपर्यंत. आणि तिथून परत फिरतं. त्या झाडाच्या डावीकडे दोन तासांत एकदाही गेलं नाही.

माझा अंदाज, मान लचकली आहे. विचारलं तर म्हणाली, "मान ठीक आहे, सँडविच दे." तुमच्याकडे मानेला चोळायचं काही घरगुती तेल असतं का?

आपला,
डेस्मंड

•

शोटो
३ ऑक्टोबर १९८८

मास्तर,

उत्तराला दोन आठवडे लावले. माझी मुलगी म्हणते, आई आजारी आहे. मी आजारी नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

मारितची मान लचकलेली नाही. तेल चोळू नका, उगाच गादी खराब होईल.

आमच्या घरात डोंगर वाटून घेतात. दोघं जण शेजारी बसले की मधलं एखादं झाड किंवा दगड धरायचा. त्याच्या एका बाजूचं एकानं बघायचं, दुसऱ्या बाजूचं दुसऱ्यानं. दुसऱ्याच्या वाट्यात डोकवायचं नाही. डोकावलं तर त्याचा अर्थ, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. हाल्वर आठ वर्षांचा असताना माझ्या बाजूला बघत होता, तेव्हा त्याच्या टोपीवर मी टपली मारली होती. पुढे त्यानं मारितला हेच शिकवलं. एकवीस वर्षं दोघं त्या खडकावर बसले. उजवी बाजू तिची, वठलेल्या झाडाच्या डावीकडची त्याची.

आता कळलं? ती अजून त्याच्या वाट्यात डोकावत नाही. तो गेलाय हे तिला ठाऊक आहे, तिच्या मानेला ठाऊक नाही.

आणखी एक सांगायचंय, आणि त्यासाठीच ती तीन पत्रं फाडली. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याबरोबर गेले होते. गुडघे चढू देईनात म्हणून खाली पिकअपमध्ये बसले. सकाळी आठच्या सुमाराला डावीकडून सात एल्क निघाले. पुढे मोठा नर, मागे माद्या. चांगली दहा मिनिटं उघड्यावर चरत होते. मारित वर बसली होती आणि उजवीकडे बघत होती. मला हॉर्न वाजवता आला असता. तिनं खाली पाहिलं असतं, मी हात केला असता, काम झालं असतं.

मी हॉर्न वाजवला नाही, मास्तर. मला बरं वाटत होतं. माझ्या मुलाची जागा कुणीतरी अजून राखून ठेवली होती. सगळ्या जगानं त्याचे कपडे वाटून टाकले, गाडी विकली, आणि ही एक मुलगी त्याच्या वाटणीचा डोंगर त्याच्यासाठी ठेवून बसली होती. तिचं ताट रिकामं राहिलं तरी मला चाललं. मी खाली आलेल्या मारितला विचारलं, "काही दिसलं?" ती "नाही" म्हणाली, आणि मी तिला कॉफी ओतून दिली.

म्हाताऱ्या बाईनं असं वागू नये. पण वागले. आता तुम्ही पत्रातून माझ्यापुढे तेच चित्र काढलंत, आणि मला ते दुसऱ्यांदा बघवलं नाही.

जुनी दुर्बीण मला पाठवू नका. नवी घ्यायची तर घ्या, ती तिसरी, मांजरवाली. पुढे काय करायचं ते मला विचारू नका. माझी अक्कल इथे संपली.

राग्ना

•

वाइज रिव्हर
१७ ऑक्टोबर १९८८

राग्नाबाई,

माझ्या हातून घोळ झालाय. तुम्हाला न सांगता राहवत नाही.

शनिवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर, केकच्या शेजारी मी ते खोकं ठेवलं. मारितनं उघडलं. दुर्बीण हातात घेतली, काचा फुंकून पुसल्या, "सुंदर आहे, डेस" म्हणाली. माझ्या गालाची पापी घेतली. मग दुर्बीण पुन्हा खोक्यात, खोकं कपाटावर. एखाद्या दूरच्या मावशीनं पाठवलेली फुलदाणी ठेवावी तसं. आणि दुपारी ती हंगामाची तयारी करायला बसली तेव्हा मांडीवर जुनीच होती.

मी गप्प बसायला हवं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मी शहाणा कुठे? मी म्हणालो, "दुर्बीण कुठलीही घे, त्या झाडाच्या डावीकडे बघत जा म्हणजे झालं." ती म्हणाली, "तुला काय माहीत डावीकडचं?" आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. पत्रं, वाटणी, सात एल्क, हॉर्न, सगळं. तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी केक खाता खाता सांडून टाकलं. मला क्षमा करा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, बाहेर गेली आणि सरपण फोडत बसली. मार्चपर्यंत पुरेल एवढं फोडलंय. दोन दिवस घरात फक्त "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलणं होतं. मी एकदा म्हणालो, "मारित, माझा हेतू वाईट नव्हता." तर म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर रागावताही येत नाही."

येत्या रविवारी हंगाम उघडतोय. मला भीती वाटते ती एल्कची नाही. ती यावेळीही एकटी वर जाईल, रिकामी खाली येईल, आणि आता त्यात तिच्या शेजारी बसायला हाल्वरही नसेल. तोही मी काढून घेतला.

डेस्मंड

•

शोटो
१९ ऑक्टोबर १९८८

डेस्मंड,

तू गाढव आहेस. तुम्ही-बिम्ही आता पुरे.

माझं गुपित फोडलंस त्याचा मला राग नाही. मी ते लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझं पहिलं पत्रच चार पानांचं होतं. कदाचित म्हणूनच लिहिलं असेल.

पण त्या पोरीला "डावीकडे बघ" म्हणून सांगतोस? ती चार वर्षं जिथे बघू शकली नाही तिथे, केक खाता खाता? बोट दाखवणं सोपं असतं. खुर्चीत बसलेला माणूस बोटच दाखवतो.

मी सल्ला देणार नाही असं मागे लिहिलं होतं, तो शब्द पाळते. फक्त आपल्या राज्याचा कायदा तुला माहीत असावा म्हणून कळवते. हंगामात डोंगरावर जाणाऱ्याला नारिंगी जाकीट घालावं लागतं. हातात बंदूक नसली तरी. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. शनिवारी दुपारी लवकर बंद होतं.

लोकरीचे मोजे दोन जोड घाल.

राग्ना

•

वाइज रिव्हर
२६ ऑक्टोबर १९८८

प्रिय आई,

खूप दिवसांनी मी लिहितेय. डेसला लिहू दिलं असतं तर तुम्हाला दहा पानं वाचावी लागली असती.

आधी मनातलं सांगते. त्यानं ती भेट दिली तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला सांगतोय, आता पुरे झालं तुझं. म्हणून खोकं कपाटावर टाकलं. मग त्यानं डावीकडचं सांगितलं, आणि मी लाकडं फोडत राहिले, कारण ते खरं होतं आणि मला स्वतःला ते माहीतच नव्हतं. आई, मी ठरवून काही करत नव्हते. मान तिथे यायची आणि वळायची. तिकडे हाल्वर आहे, तिकडचं तो बघतोय, असंच अंगाला वाटायचं. त्या सात एल्कबद्दल मी तुमच्यावर रागावलेले नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही हॉर्न वाजवला नसता.

रविवारी पहाटे मी एकटीच निघाले. खडकावर बसून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात मागे अशी धडपड ऐकू आली की मला वाटलं अस्वल आलं. वळून बघते तर हा! आमच्या शेजाऱ्याच्या ट्रकमधून पायथ्यापर्यंत आला होता. नारिंगी जाकीट उलटं घातलेलं, पायात शाळेचे बूट, गळ्यात ती नवी दुर्बीण, तिला दुकानाची चिठ्ठी अजून लटकलेली. धापा टाकत खडकाच्या डाव्या कडेला बसला.

मला इतका राग आला की काय सांगू. तिथे कुणी बसत नाही. ती जागा तुम्हाला ठाऊक आहे कुणाची. मी म्हणाले, "खाली जा, डेस." तर तो म्हणाला, "जाईन. पण आधी मला सांग, माझा वाटा कुठून सुरू होतो?"

मी दुर्बीण लावून तासभर माझ्याच बाजूला बघत राहिले. तोही दुर्बीण मांडीवर ठेवून तसाच बसला, ओठ निळे पडले तरी. वाटा सांगितल्याशिवाय तो कुठेच बघेना. आपला नियम त्यानं पाळला, आई. शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मी म्हणाले, "वठलेल्या झाडाच्या डावीकडचं तुझं."

मग काय विचारता! पहिल्या तासात त्याला अकरा एल्क दिसले. अकराही बुंधे निघाले. एक तर खडक होता. "मारित, नर आहे, शिंगं आहेत!" मी विचारायची, "हलतोय का?" तो म्हणायचा, "विचार करतोय बहुतेक." मी चार वर्षांत त्या डोंगरावर हसले नव्हते. बंदूक बाजूला ठेवून हसले. पुढे त्यानं खजील होऊन सांगणंच सोडलं.

साडेदहाला ढग आले, उजेड मंदावला. मी माझ्या बाजूला बघत होते. बराच वेळ झाला आणि तो हळूच म्हणाला, "मारित, रागावू नकोस. बुंधे चालतात का गं?"

आणि मी डावीकडे पाहिलं. विचार न करता पाहिलं. त्यानं बोलावलं म्हणून मान वळली. तिथे हाल्वर नव्हता. नुसता उतार होता, पिवळं गवत होतं, आणि पाच फांद्यांच्या शिंगांचा नर चालत होता. डेसनं त्याला दहा मिनिटं आधीच पाहिलं होतं, पण बारावा बुंधा म्हणून बोलला नव्हता.

एकच गोळी लागली. ओझं खाली आणायला आम्हाला संध्याकाळ झाली. त्याच्या शाळेच्या बुटांचा तळ निघाला. फ्रीज भरलाय. तुमचा वाटा शुक्रवारी शेजाऱ्याबरोबर पाठवते.

संध्याकाळी मी कपाटावरचं रिकामं खोकं फेकून दिलं. नवी दुर्बीण त्याला वापरू दे. नवशिक्याला चांगली काच लागते, मला जुनी पुरते. दोन्ही आता एकाच खिळ्याला आहेत. त्यासाठी मोठा खिळा मारावा लागला.

सोबत पुडीत एल्कचा एक दात आहे. दोन सुळ्यांतला, हस्तिदंतासारखा असतो तो. मारणाऱ्याचा एक आणि पाहणाऱ्याचा एक, हा आपला नियम मी डेसला सांगितला. त्यानं त्याचा दात हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हा राग्नाबाईंना पाठव. ती जागा त्यांच्या मुलाची आहे, मी फक्त बसलो होतो." मी त्याला खूप सांगितलं, ऐकत नाही.

तुमची,
मारित

•

शोटो
१ नोव्हेंबर १९८८

डेस्मंड,

मांस पोहोचलं. काळीज मी लोण्यात परतून एकटीनं खाल्लं, मुलीला दिलं नाही.

मारितचं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, मग मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतलं. बुंध्यांच्या जागी ती हसून हसून खुर्चीतून पडायची वेळ आली. मी हसत होते, रडतही होते. एकोणऐंशीव्या वर्षी दोन्ही एकदम येतं, त्याला इलाज नाही.

तुझा दात परत पाठवते आहे. माझ्याकडे दोन आहेत, माझ्या नवऱ्याचा आणि हाल्वरचा. ज्यानं पाहिलं त्याचा दात, असा या घरचा नियम आहे. तो पाहुण्याला मोडता येईल. घरच्या माणसाला येत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं इकडे या. लेफ्सा साठ करते आहे.

तुझी,
आई